शिरगावची वाळू आणि बाजारातल्या गाड्यांची शर्यत

पालघर स्टेशनवर उतरून सातपाटीच्या रस्त्याला लागलं, की वाटेत शिरगाव लागतं. मुंबईकडून येणाऱ्या पाहुण्यांना केळव्याचा समुद्र ठाऊक असतो, नाहीतर सातपाटीची मासळी. त्या दोघांच्या मधलं शिरगाव बिचारं मागेच राहतं. इथे एक आटोपशीर किल्ला आहे. चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेत तो मराठ्यांच्या हाती आला. किल्ला जरूर पाहा. पण आज मला तुम्हांला दाखवायची आहे ती साधी वाळू. तेव्हा सुरूच्या झाडांमधून पलीकडे चला आणि ओहोटीची वेळ गाठा.

चपला हातात घ्या. वरच्या कोरड्या वाळूत पाय घोट्यापर्यंत रुततो, चालताना दम लागतो. तेच पाणी नुकतंच ओसरलेल्या ओल्या पट्ट्यावर या. पाय रुततच नाही! लाटांनी ठोकून ठोकून वाळूचे कण एकमेकांत घट्ट बसवलेले असतात आणि कणांमधलं थोडंसं पाणी त्यांना धरून ठेवतं. आता पावलाभोवती नीट बघा. पाय टेकताच आजूबाजूची वाळू क्षणभर कोरडी दिसते. घट्ट बसलेले कण पायाच्या दाबाने सरकतात, त्यांच्यातल्या फटी मोठ्या होतात आणि वरचं पाणी त्या फटींत उतरतं. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये ही गंमत उलगडून सांगितली.

अशा वाळूवर सायकल छान पळते. आपल्या रायगड जिल्ह्यात काही किनाऱ्यांवर बैलगाड्या पळवतात. मग मोटार?

त्यासाठी आपल्याला मनानेच पार अमेरिकेत जायला हवं, फ्लोरिडा राज्यातल्या डेटोना बीच या गावी. तिथली वाळूही अशीच, ओली झाली की फरशीसारखी. मार्च १९३५ मध्ये माल्कम कॅम्बेल याने तिथे आपली 'ब्लूबर्ड' गाडी ताशी सुमारे ४४५ किलोमीटर वेगाने पळवली. ती गाडी मात्र खास वेगासाठी बनवलेली होती. पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, गावाने वेगळी टूम काढली : दुकानात कुणालाही विकत मिळते तशी गाडी आणा आणि पळवा. अशा गाडीला तिकडे 'स्टॉक कार' म्हणतात, म्हणजे दुकानाच्या साठ्यातली, बाजारातली गाडी.

वर्तुळ जवळजवळ ५ किलोमीटरचं. एक बाजू किनाऱ्यावरून, दुसरी शेजारच्या डांबरी रस्त्यावरून आणि दोन्ही टोकांना वाळूतली वळणं. ती वळणं गाड्यांनी इतकी उकरली गेली, की शर्यत ठरलेल्या अंतराआधीच थांबवावी लागली. त्या दिवशी पाचवा आला बिल फ्रान्स नावाचा एक मेकॅनिक. पुढे त्यानेच या शर्यती भरवायला घेतल्या. फुकटे प्रेक्षक वाळूच्या टेकड्यांमधून आत घुसू नयेत म्हणून त्याने 'विषारी सापांपासून सावध राहा' अशा पाट्या लावल्या होत्या, बरं का!

पण तिथला खरा पंच होता समुद्र. शर्यतीची वेळ ठरायची ती भरती-ओहोटी पाहून. आपल्याकडे तर उधाणाच्या दिवसांत पाणी चार-चार मीटर चढतं-उतरतं आणि सपाट किनाऱ्यावर ते बघता बघता आत येतं. म्हणून सांगतो, घरची गाडी वाळूत उतरवायचा मोह बाबांना झाला, तर तुम्हीच त्यांना अडवा. चाक एकदा कोरड्या वाळूत फिरत राहिलं, की ते स्वतःचाच खड्डा खणतं, आणि भरती काही थांबत नाही.

१९४८ मध्ये फ्रान्सच्या पुढाकाराने 'नॅसकार' ही संस्था निघाली. १९ जून १९४९ रोजी शार्लट गावी तिची 'अगदी बाजारातल्याच' गाड्यांची पहिली शर्यत झाली. ग्लेन डनवे हा फोर्ड घेऊन पहिला आला. तपासणी झाली आणि मागच्या स्प्रिंगांमध्ये फेरफार सापडला. चोरटी दारू वाहणारे लोक वजनाने गाडी बसू नये आणि वळणावर झुकू नये म्हणून अशी युक्ती करत. डनवे बाद! दुसऱ्या आलेल्या जिम रोपरची लिंकन विजयी ठरली. गाडीचा मालक कोर्टात गेला, तिथेही हरला. नियम स्पष्ट होता : बाजारात मिळते तशीच गाडी हवी.

आता तुम्ही मोटार कंपनीचे मालक आहात असं समजा. रविवारी तुमची गाडी जिंकली, की सोमवारी दुकानात गर्दी होते. पण गाडीत बदल करायला बंदी. काय कराल?

हडसन कंपनीने जे केलं ते मला तरी फार हुशारीचं वाटतं. तिच्या 'हॉर्नेट' गाडीची बैठक चौकटीच्या आत खाली उतरवलेली असे, त्यामुळे गाडीचा भार जमिनीलगत राही आणि ती वळणावर कलंडत नसे. इंजिन सुमारे ५,००० सीसीचं. आपल्या मारुती ८०० चं ७९६ सीसी होतं, यावरून अंदाज करा! शर्यतपटू मार्शल टीग याच्या सल्ल्याने कंपनीने भक्कम आस, मजबूत चाकं, जोडीचे कार्बुरेटर असे भाग तयार केले आणि सरळ आपल्या विक्रीच्या यादीतच घातले. शर्यतीच्या भागांना नाव दिलं, 'कठीण वापरासाठी'. यादीत आहे म्हणजे बाजारात आहे, आणि बाजारात आहे म्हणजे नियमात बसतं! १९५२ मध्ये ३४ पैकी २७ शर्यती हडसनने जिंकल्या. 'कार्स' हा सिनेमा पाहिला असेल, तर त्यातले म्हातारे डॉक हडसन म्हणजे हीच गाडी.

वेग वाढला तसे अपघातही वाढले. १९५७ मध्ये अमेरिकन कंपन्यांनी शर्यतींतून अंग काढून घेतल्याचं जाहीर केलं. मागच्या दाराने मदत चालूच राहिली. १९५८ मध्ये वाळूवरची शेवटची मोठी शर्यत झाली. पुढच्या वर्षी डेटोनाला उंच उतरत्या वळणांचा डांबरी ट्रॅक तयार झाला. तिथली पहिली मोठी शर्यत होण्याआधीच, वेगाची चाचणी घेताना, मार्शल टीग मृत्युमुखी पडला.

पुढे नियमाचं एक मजेदार टोक आलं. ठरलं, की गाडी शर्यतीत उतरवायची तर तशाच किमान ५०० गाड्या बनवून विकायला ठेवा. मग काय, शर्यतीसाठी हवी तशी गाडी आधी आखायची आणि तिला बाजारात ढकलायची! १९६९ ची डॉज 'चार्जर डेटोना' आणि १९७० ची प्लिमथ 'सुपरबर्ड' या अशाच गाड्या. पुढे टोकदार चोच आणि मागे डिकीवर दोन फूट उंच पंख. चोच हवा कापते, पंख मागची चाकं जमिनीला दाबून धरतो. मार्च १९७० मध्ये अशा एका डॉजने बंदिस्त ट्रॅकवर ताशी २०० मैलांचा, म्हणजे ३२२ किलोमीटरचा टप्पा ओलांडला. पण भाजी आणायला असली गाडी कोण घेणार? कितीतरी सुपरबर्ड दुकानातच पडून राहिल्या. काही विक्रेत्यांनी तर चोच आणि पंख काढून, साधी गाडी करून त्या विकल्या. १९७१ मध्ये पंखवाल्या गाड्यांना लहान इंजिनाची सक्ती झाली आणि त्यांची सद्दी संपली.

डॉज आणि प्लिमथ ही नावं तुमच्या आजोबांना मुळीच परकी वाटणार नाहीत. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला आणि १९४७ पासून मुंबईत कुर्ल्याला या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. आपल्याकडेही त्यांत बदल झालेच, पण अगदी उलट्या दिशेने! तिकडे वेगासाठी मोठं इंजिन. इकडे पेट्रोल परवडेना, म्हणून कित्येक मालकांनी मूळचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं. धडधडत, धूर सोडत या गाड्या वर्षानुवर्षं चालल्या.

आज मुंबईत जुन्या गाड्यांची रॅली निघते, तेव्हा त्यांतली एखादी चकचकीत होऊन पुन्हा रस्त्यावर दिसते. तिच्याभोवती जाणकार मंडळी जमतात आणि बॉनेट उघडून पहिला प्रश्न विचारतात, "इंजिन मूळचंच आहे ना?"