सावलीचें नांव

आमच्या घरीं दिवेलागणी होऊन परवचा आटोपला, कीं पानें मांडलीं जाईपर्यंत ओटीवर अर्धा-पाऊण तास वाचन होतें. ही चाल माझ्या वडिलांनीं घातली. त्यांच्या काळीं पांडवप्रताप, हरिविजय यांचे अध्याय होत. हल्लीं ज्या मुलाच्या हातीं जें पुस्तक असेल तें त्यानें वाचावें, असा शिरस्ता पडला आहे. गेल्या श्रावणाच्या आरंभीं माझ्या धाकट्या नातीची पाळी आली. ती नववींत असून इंग्रजी शाळेंत जाते. तिनें एक इंग्रजी कादंबरी आणली आणि रोज एक प्रकरण वाचून त्याचा अर्थ मराठींत सांगण्याचें कबूल केलें. "आजोबा, ह्यांत गलबतें आहेत, मंत्र आहेत, शिवाय गुरुगृहहि आहे, तुम्हांला आवडेल," असें आमिषहि दाखविलें. पोरांच्या जादूच्या गोष्टी त्या, आपल्याला काय करावयाच्या, असें मीं मनांत म्हटलें. परंतु बाहेर पाऊस कोसळत होता आणि ऐकण्यावांचून गत्यंतर नव्हतें.

पुस्तकाचें नांव ‘ए विझर्ड ऑफ अर्थसी’. लेखिका उर्सुला ले ग्विन ह्या अमेरिकन बाई १९२९ सालीं जन्मल्या व २०१८ सालीं वारल्या. त्यांचे वडील ॲल्फ्रेड क्रोबर हे मानववंशशास्त्राचे नामांकित अध्यापक होते. किशोरवयाच्या वाचकांसाठीं कांहीं लिहा, असें बर्कले येथील एका प्रकाशकानें सुचविलें, तेव्हां बाईंनीं प्रथम एक नकाशा काढला आणि त्यांतील बेटांना नांवें दिलीं. त्यांतून १९६८ सालीं ही कादंबरी निघाली. अर्थसी हें जग म्हणजे लहानमोठ्या बेटांचा पुंजका. एका बेटावरून दुसऱ्यावर जावयाचें तर होडीवांचून उपाय नाहीं. आमच्यासारख्या घराण्याला ही कल्पनाच अंमळ अवघड. समुद्रयान हें कलिवर्ज्यांत गणलेलें. माझ्या पणजोबांनीं तर खाडीहि तरींतून ओलांडली ती केवळ नाइलाजानें, असें घरांत सांगतात. मी स्वतः रत्नागिरी जिल्ह्यांत बंदराच्या गांवीं चौतीस वर्षें शिक्षकी केली. समुद्र रोज पाहिला. होडींत एकदांहि पाऊल ठेविलें नाहीं.

कथानायक गेड हा गॉन्ट बेटावरचा, शेळ्या राखणारा, आईवेगळा मुलगा. तेराव्या वर्षीं तो एक थंडगार नदी चालत उतरतो आणि पलीकडच्या तीरावर उभा असलेला ओगियन नांवाचा सिद्धपुरुष त्याच्या कानांत त्याचें खरें नांव सांगतो. हें नांव चारचौघांत उच्चारावयाचें नसतें, कारण ज्याला वस्तूचें खरें नांव ठाऊक त्याची त्या वस्तूवर सत्ता चालते. येथें मी सरसावून बसलों. आश्वलायन गृह्यसूत्रांत मुलाला एक अभिवादनीय नांव द्यावें आणि मुंज होईपर्यंत तें आईबापांनाच ठाऊक असावें, असें सांगितलें आहे. नातीला हें सांगतांच ती म्हणाली, "मग माझें कां नाहीं ठेवलेंत?" ह्या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.

ओगियनचें चित्र मला सर्वांत प्रिय झालें. गेड त्याच्यापाशीं राहूं लागतो तो मोठमोठे मंत्र शिकावे म्हणून. आणि हा गुरु त्याला रानांत हिंडवितो, एकेका पाल्याची ओळख करून देतो, आणि बराच वेळ मुळींच बोलत नाहीं. पाऊस आला तर तो मंत्रानें दुसरीकडे हांकण्याचें सामर्थ्य त्याच्या अंगीं असतें. पण तो तसें न करितां झाडाखालीं भिजत पडून राहतो. मुलगा चडफडतो. एका ठिकाणचा पाऊस हटविला तर दुसऱ्या कोणाच्या तरी शेतांत उणें पडावयाचें, ही गोष्ट त्याला फार पुढें उमगते. पहिल्या वर्षांतच सर्व पाणिनि विद्यार्थ्याच्या डोक्यांत ओतूं पाहणारा मी, मला ओगियन पाहून थोडें ओशाळें वाटलें.

पुढें गेड रोक बेटावरील विद्यापीठांत जातो. बुद्धि तीव्र, अभिमान त्याहून तीव्र. जॅस्पर नांवाच्या खानदानी विद्यार्थ्याच्या टोमण्यांनीं डिवचला जाऊन तो एके रात्रीं, करूं नये तें करतो. मृत स्त्रीच्या आत्म्याला हांक मारतो. त्या हांकेबरोबर जगाला जी चीर पडते तींतून एक काळी सावली उडी घेते आणि त्याचें तोंड फाडते. चीर मिटवितांना वृद्ध कुलगुरु प्राणास मुकतो. गेड वांचतो, पण सावली मोकळी सुटते, आणि ती त्याचीच वाट पाहत असते. ह्या अपमानानंतर सारे त्याला टाळीत असतां त्याचा मित्र व्हेच त्याला आपलें खरें नांव सांगतो. त्या जगांत ह्याहून मोठें दान नाहीं. नातीचा आवाज येथें जरा घोगरा झाला.

मधल्या बेटांच्या, वादळांच्या हकीकती वाचकांनीं स्वतःच वाचाव्या. एक मात्र सांगतों. एका बेटावर ड्रॅगन त्याला सांगतो, ‘तुझ्या सावलीचें नांव मी तुला देतों’. तें घेतलें तर स्वतःची सुटका होईल, पण गांवकऱ्यांना दिलेलें वचन मोडेल. गेड तें नाकारतो. त्या गांवकऱ्यांपैकींच होड्या बांधणाऱ्या एका गरीब सुतारापाशीं तो मंत्राशिवाय होडी हांकावयास शिकतो, कारण विद्यापीठानें त्याला मंत्रानें वारा आणावयास शिकविलें, तरी साध्या वाऱ्यावर शीड कसें धरावें हें पुरतें शिकविलेलें नसतें. मला हा भाग ड्रॅगनपेक्षां मोठा वाटला.

दोषहि आहेत. ह्या जगांत विद्या फक्त पुरुषांची. बायकांची जादू ती हलकी आणि दुष्ट, असें तेथील म्हणींतच आहे. आमच्या सूनबाई भाजी निवडतां निवडतां म्हणाल्या, "बाईनें लिहून हें असें?" लेखिकेलाहि तें पुढें खटकलें असावें, १९९० सालच्या ‘तेहानू’ ह्या कादंबरींत तिनें हें माप पुष्कळसें भरून काढिलें आहे. उलट नायक तांबूस सांवळा आणि व्हेच तर काळाच, हें तिनें हेतुपुरस्सर केलें. तरी वर्षानुवर्षें वेष्टनावरील चित्रांत त्याला गोरा काढीत, ह्याचा तिला राग येई.

आतां मूळ मुद्दा. गेड बेटांमागून बेटें पळत राहतो, आणि जितका पळतो तितकी सावली बळावते. अखेर तो ओगियनपाशीं परततो, तेव्हां गुरु त्याला सल्ला देतो तो एवढाच, कीं पाठ फिरविणें सोड आणि तूंच तिच्या मागें जा. हें वाचून झालें त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं.

१९८६ सालची गोष्ट. मी नवा शिक्षक. मॅट्रिक होऊन ट्रेनिंग केलेला, परंतु वडिलांपाशीं केलेल्या संस्कृताचा भारी गर्व. आठवींत एका मच्छीमाराचा मुलगा होता. त्याला ‘ण’ साधत नसे. एके दिवशीं मीं त्याला वर्गापुढें उभें करून एकच सुभाषित अकरा वेळां म्हणावयास लाविलें, आणि अकराव्या वेळीं म्हणालों, "जाळें ओढणाऱ्याला णत्व कशाला हवें?" वर्ग हांसला. मीहि हांसलों. दुसऱ्या दिवशीं तो आला नाहीं, आणि पुन्हां कधींच आला नाहीं. महिन्याभरानें हजेरीपटावर मींच माझ्या हातानें ‘शाळा सोडली’ असा शेरा लिहिला. तो मुलगा त्याच गांवीं तांडेल झाला. त्यानंतर बंदरावरून जाणारा जवळचा रस्ता सोडून मी वरच्या आळीनें बाजारांत जाऊं लागलों. पत्नी कधीं विचारी, तर चढ चांगला असतो, असें सांगें.

कादंबरीचा शेवट सांगूं नये हा वाचकधर्म खरा. परंतु तो सांगितल्यावांचून मला पुढें जातां येत नाहीं. एका म्हाताऱ्या कोळ्याच्या डोळ्यांतील मोतीबिंदू गेड बरा करतो आणि मोबदल्यांत त्याची जुनी होडी घेतो. म्हातारा तिचें नांव ‘लुकफार’, म्हणजे दूरवर पाहणारी, असें ठेवावयास सांगतो. त्या होडींतून तो आणि व्हेच शेवटच्या बेटाच्याहि पूर्वेस जातात, जेथें समुद्राची वाळू होते. तेथें सावली समोरून चालत येते. दोघेहि एकदम एकमेकांस नांव घेऊन हांक मारतात, आणि तें नांव एकच असतें: गेड.

नातीनें पुस्तक मिटलें. कोणी बोललें नाहीं. स्वयंपाकघरांतून पानें मांडल्याची हांक आली, ती दोनदां द्यावी लागली.

दुसऱ्या दिवशीं नारळी पौर्णिमा होती, बंदरावर गर्दी. मी एक दिवस थांबलों आणि प्रतिपदेला सकाळीं खालच्या रस्त्यानें गेलों. तो होडीच्या सावलींत बसून दोर वळीत होता, केंस पिकलेले. हजेरीपटावर होतें तसें त्याचें नांव, बापाच्या नांवासह, मीं उच्चारलें. त्यानें वर पाहिलें. घरून जुळवून नेलेलीं वाक्यें मला आठवलीं नाहींत. "त्या दिवशीं माझें चुकलें," एवढेंच बोलतां आलें. तो बराच वेळ हातांतल्या दोराकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, हें टोंक धरा जरा."

मीं धरलें. दोर ताणून कसा धरावा हें मला ठाऊक नव्हतें. त्यानें दोनदां दाखविलें.