आमचे भागशाळा मैदान

मी डोंबिवली पश्चिमेला कोपर येथे राहते. आमच्या कोपर स्टेशनची एक गंमत आहे. खालून कल्याणच्या लोकल जातात आणि वरच्या फलाटावर दिवा-वसई मार्गाची गाडी थांबते. आमच्याकडे इमारतीला इमारत लागून आहे. सोसायटीच्या अंगणात फक्त गाड्या उभ्या असतात. म्हणून खेळायचे म्हटले की आम्ही भागशाळा मैदान गाठतो.

सकाळी हे मैदान आजी-आजोबांचे असते. कोणी कडेने फेऱ्या मारतात, कोणी हातपाय हलवतात, कोणी नुसत्याच गप्पा मारतात. संध्याकाळी मात्र एकाच वेळी क्रिकेटचे चार-पाच डाव रंगतात. कोणाचा बॉल कोणाचा, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक!

आम्हा मैत्रिणींना खो-खो आवडतो. आठ जणी एकाआड एक उलट तोंड करून बसतात आणि नववी पाठलाग करते. खांब रोवता येत नाहीत, म्हणून दोघी जणी खांब होऊन उभ्या राहतात. पण फक्कीने रेघ आखली रे आखली की आवाज येतो, "ए, बाजूला व्हा ना, बॉल लागेल!" आम्ही सरकत सरकत कडेला जातो. तिथे फेऱ्या मारणारे काका म्हणतात, "मुलींनो, वाट सोडा." शेवटी आम्ही नुसत्या बसून राहतो. लोकांना वाटते, मुलींना खेळायचेच नसते!

वर्गात बाईंनी सांगितले, की संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील कलम ३१ प्रमाणे खेळणे हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे आणि भारताने तो करार १९९२ मध्ये मान्य केला. मी विचारले, "बाई, 'प्रत्येक मुलाचा' म्हणजे मुलींचाही ना?" बाई म्हणाल्या, "अगं, अर्थातच!"

मग आम्ही सगळ्या मिळून क्रिकेटवाल्या दादांशी बोललो. मंगळवारी आणि शुक्रवारी पाच ते सहा मैदानाची एक बाजू आम्हाला मिळाली. "सहाला सोडायची बरं का!" असे त्यांनी बजावले. पहिल्या दिवशी आम्ही सातच जणी आलो. पुढच्या आठवड्यात त्याच दादांच्या धाकट्या बहिणी खेळायला आल्या.

दाट वस्तीच्या शहरात नवीन मैदान सहज मिळत नाही. आहे ते स्वच्छ ठेवले आणि वेळ वाटून घेतला, तर ते आजोबांना, दादांना आणि आम्हालाही पुरते.