टाकीवरच्या दिव्यास

टाकीवरच्या दिव्या,


घरात फिशटँक आणायचं ठरलं की सगळ्यात शेवटी नंबर तुझा लागतो. काच किती जाडीची, फिल्टर कुठला, मासे कोणते, तळाला दगड पांढरे की रंगीत, यावर घरभर चर्चा होते. तुझी वेळ येते ती दुकानातून निघताना. दुकानदार म्हणतो, ‘वर एक लाइट टाकून देतो.’ तो लाइट किती वॅटचा, कसल्या उजेडाचा, रोज किती वेळ लावायचा, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. घरी आल्यावर तू लागतोस, पाणी झळाळतं, मुलं काचेला नाक लावून उभी राहतात, आणि त्या दिवसापासून घरातला शेवटचा माणूस झोपेपर्यंत तुला सुट्टी नसते. पुढे काचेवर शेवाळ धरतं, पानं विरघळतात, मासे कोपऱ्यात दडून बसतात. मग पाणी बदललं जातं, औषधं टाकली जातात, पण तुझ्याकडे कुणी वर मान करून बघत नाही. तुझी निवड होते ती सोफ्यावर बसून बघणाऱ्यांच्या डोळ्यांसाठी. ती व्हायला हवी पाण्यात राहणाऱ्यांसाठी, एवढंच मला या पत्रात सांगायचं आहे.

माशाला पापणी नसते. डोळे मिटून घेणं, तोंडावर चादर ओढणं, यातलं त्याला काही करता येत नाही. शिवाय आपण पाळतो त्यातल्या बहुतेक माशांच्या डोळ्याची बाहुली आपल्यासारखी चटकन लहानमोठी होत नाही. त्यांचा डोळा उजेडाशी जुळवून घेतो तो आतून. दृष्टिपटलातल्या पेशी आणि रंगद्रव्याचे कण आपल्या जागा बदलतात, आणि या हलवाहलवीला कितीतरी मिनिटं लागतात. अर्धा-पाऊण तासही जाऊ शकतो. पहाटे काळोखात उठून कुणी खटकन तुझं बटण दाबलं, तर त्या क्षणी माशांचे डोळे अजून रात्रीचेच असतात. ते सैरावैरा धावतात, काचेवर आपटतात, झाकण नसेल तर बाहेर पडतात. म्हणून आधी पडदा सरकवावा किंवा खोलीतला दिवा लावावा, आणि बऱ्याच वेळाने तुला. रात्री याच्या उलट क्रम. ज्यांना परवडतं त्यांनी हळूहळू उजळणारा आणि हळूहळू मावळणारा डिमर घ्यावा. त्यावर खर्च झालेले पैसे कारणी लागतात.

डोळ्यांइतकीच महत्त्वाची गोष्ट माशाच्या मेंदूच्या वरच्या बाजूला असते. तिथली पिनिअल ग्रंथी स्वतः उजेड ओळखते. अंधार पडला की ती मेलॅटोनिन तयार करते, उजेड राहिला की ते दबतं. दिवस कुठला आणि रात्र कुठली, हे शरीराला त्यावरून कळतं. आपल्या गंगेच्या खोऱ्यातला झेब्राफिश आज जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवला जातो, आणि तिथे १४ तास उजेड आणि १० तास अंधार हा सर्वसाधारण नेम आहे. संशोधकाच्या टाकीतल्या माशाला मिळणारी रात्र दिवाणखान्यातल्या माशालाही मिळायला हवी.

निऑन टेट्रा नावाचा ॲमेझॉनच्या उगमाकडचा इवलासा मासा आपल्याकडे बऱ्याच घरांत असतो. सकाळी तू लागायच्या आधी त्याच्याकडे नीट बघावं. पोटाकडचा लाल पट्टा जवळजवळ पुसून गेलेला असतो, निळी रेघ काळपट जांभळी झालेली असते, मासा आजारी आहे की काय असं वाटतं. उजेड आला की काही मिनिटांत ती रेघ पुन्हा निळी-हिरवी पेटते. हा निळा रंग कुठल्या रंगद्रव्याचा नाही. त्वचेतल्या पेशींत ग्वानिनच्या स्फटिकांच्या पातळ चकत्या थराथराने रचलेल्या असतात आणि त्या प्रकाश परतवतात. चकत्यांमधलं अंतर बदललं की रंग बदलतो. म्हणजे या माशाचा रंग तुझ्या उजेडातूनच उभा राहतो. पण याचा अर्थ जितका जास्त उजेड तितका सुंदर मासा, असा मुळीच नाही. त्याच्या मूळ ओढ्यांवर जंगलाची दाट सावली असते आणि पडलेल्या पानांनी पाणी चहासारखं झालेलं असतं. पांढरे दगड, मोकळं पाणी आणि वर तुझा लखलखाट असला की तो फिका पडून लपतो. काळी वाळू, चार झाडं आणि मंद उजेड मिळाला की तोच मासा मोकळेपणाने पोहायला लागतो.

तेव्हा टाकीत नुसते मासे असतील तर तुझं काम थोडकं आहे. दिसण्यापुरता उजेड पुरे. सकर मासा तर रात्रीच बाहेर पडणारा, त्याला दिवसा लपायला लाकूड किंवा मडक्याचा तुकडा हवाच.

खरी परीक्षा झाडांची. हायड्रिलावर नरसाळं पालथं घालून परीक्षानळीत जमणारे ऑक्सिजनचे बुडबुडे आपण सगळ्यांनी शाळेच्या पुस्तकात पाहिलेत. तो प्रयोग टाकीत रोज चालतो आणि त्याचं इंधन तू आहेस. दुकानात मात्र तुला वॅटवर विकतात, आणि वॅट म्हणजे तू खाल्लेली वीज. तू दिलेला उजेड लुमेनमध्ये मोजतात, पण लुमेनही माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने ठरलेलं माप आहे. झाडाला उपयोगी पडतो तो ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला प्रकाश, आणि तो मोजायचं यंत्र महाग. म्हणून शौकीन मंडळी एक ढोबळ अंदाज धरतात: सोप्या झाडांना लिटरमागे १० ते २० लुमेन, मध्यम गरजेच्या झाडांना २० ते ४०, त्यापुढे हट्टी झाडं. नेहमीच्या दोन फुटी टाकीत साठेक लिटर पाणी मावतं, म्हणजे सोप्या झाडांना साधारण ६०० ते १२०० लुमेन झाले. चांगली एलईडी पट्टी १० ते १२ वॅटमध्ये एवढं देते. टाकी उंच असेल तर जास्त लागेल, कारण तळापर्यंत जाताना उजेड पसरून विरळ होतो.

सोपी झाडं म्हणजे ॲन्युबियस, जावा फर्न, मॉस आणि क्रिप्टोकोराइन. क्रिप्टोकोराइनच्या काही जाती आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांच्याच आहेत. ज्याला पहिल्यांदा झाडांची टाकी करायची आहे त्याने यांच्यापुढे जाऊच नये. ॲन्युबियसचं पान इतकं सावकाश वाढतं की उजेड जास्त झाला तर त्यावर हिरव्या शेवाळाचे घट्ट ठिपके बसतात, आणि नखाने खरवडले तरी निघत नाहीत. उजेड कमी पडल्याची खूणही झाडावरच दिसते. रोटालासारख्या उभ्या वाढणाऱ्या झाडाच्या दोन पेरांमधलं अंतर लांबत जातं, खालची पानं गळतात, शेंडा तेवढा वर धावतो. कुठल्याही मीटरपेक्षा ही पेरं मला जास्त भरवशाची वाटतात.

आता तुझ्या रंगाबद्दल. पॅकवर ६५०० केल्विन लिहिलेलं असेल तर डोळे झाकून घ्यावं. दिवसाच्या उजेडाजवळचा तो रंग झाडांनाही चालतो आणि माशांचे रंगही खरे दिसतात. तू पांढरा दिसतोस, पण मुळात निळा आहेस. निळ्या एलईडीवर पिवळसर फॉस्फरचा लेप देऊन पांढरा उजेड तयार होतो. हा निळा एलईडी साधायला फार काळ लागला, आणि त्याबद्दल इसामू अकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. लेप स्वस्तातला असला की लाल भाग अपुरा राहतो, आणि लाल गप्पी विटक्या दिसतात. म्हणून सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९०च्या आसपास असलेला तू मिळाला तर चार पैसे जास्त द्यावेत. रिमोटवर जांभळे, हिरवे, गुलाबी रंग बदलणारी पट्टी मात्र माझ्या मते घेऊच नये. झाडांना तिचा भरवसा नाही, माशांना तिचा त्रास.

टाकीच्या जगात आणखी एक आमानो होऊन गेले, नीगाताचे ताकाशी आमानो, छायाचित्रकार आणि एकेकाळचे सायकलपटू. काचेच्या टाकीत डोंगर, दऱ्या आणि जंगलं उभी करण्याची कला त्यांनी जगाला शिकवली. लिस्बनच्या मत्स्यालयातली त्यांची ४० मीटर लांबीची टाकी २०१५ साली लोकांसाठी खुली झाली. त्याच वर्षी ते गेले. त्यांच्या टाक्यांची छायाचित्रं बघून लोक तुझ्या जातीतला सगळ्यात तेजस्वी दिवा मागवतात. त्या हिरवळीमागे कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर, मोजून दिलेली खतं आणि शेवाळ खाणाऱ्या कोळंब्यांची फौज असते, हे छायाचित्रात दिसत नाही. उजेड वाढवला की झाडांची भूक वाढते. कार्बन आणि खत न देता नुसता उजेड वाढवणं म्हणजे रिकाम्या पातेल्याखाली जाळ वाढवणं आहे. झाडं थांबतात आणि त्या उजेडावर शेवाळ ताव मारतं.

शेवाळावरचा पहिला उपाय तुझे तास कमी करणं हाच आहे. नव्या टाकीत दिवसाला सहा तास, झाडं रुजली की आठ. तेवढ्याने झाडांचं भागतं. खिडकीतून टाकीवर थेट ऊन येत असेल तर तुझे तास मोजून काही उपयोग नाही, टाकीच हलवावी. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात तर ते ऊन पाणी तापवतं, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. उजेड जास्तच वाटला तर तुला वीतभर वर टांगावं किंवा पाण्यावर तरंगणारी झाडं सोडावीत. ती वाढली की उपसून वाळवून टाकावीत, नदी-नाल्यात कधीही सोडू नयेत. जलपर्णीने आपल्या नद्यांचं काय केलंय ते आपण बघतोच आहोत.

निळ्या उजेडातली प्रवाळांची टाकी परदेशी चित्रफितींत बघून कुणी तसला दिवा मागत असेल तर त्याला एवढंच सांगावं, की दगडी प्रवाळ भारतात २००१पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते बाळगणं गुन्हा आहे.

आणि एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो. ॲरोवाना माशाचा रंग गडद व्हावा म्हणून त्याच्या अंगावर दिवसचे दिवस प्रखर दिवे लावून ठेवतात. त्याला धंद्यात टॅनिंग म्हणतात. भाव वाढावा म्हणून पापणी नसलेल्या जिवाला अंधार नाकारायचा, हे कौतुकाने सांगण्यासारखं काम नाही, आणि असा मासा विकत घेणंही नाही.

हे पत्र तुला लिहिलं, पण वाचणार आहेत तुला विकत घेणारे. त्यांना माझी विनंती आहे. दुकानात जाताना टाकीची लांबी, उंची आणि आत काय ठेवणार आहात ते कागदावर लिहून न्या, आणि त्या कागदावरून दिवा मागा. वायर प्लगपेक्षा खाली झोळ देऊन वर घ्या, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये शिरणार नाही. दिव्याबरोबर टायमरही घ्या. दोन्हींपुरते पैसे नसतील तर दिवा थोडा हलका घ्या, पण टायमर सोडू नका.

आपला,
एक मत्स्यप्रेमी