कातडीखालची स्प्रिंग

पोगो स्टिकला, म्हणजे स्प्रिंगच्या जोरावर उड्या मारायच्या काठीला, मी व्यायाम मानत नव्हतो. तालमीत वाढलेल्या माणसाचं सरळ गणित होतं: दोरीवर उड्या मारणारा स्वतःचं वजन स्वतः उचलतो, इथे ते काम स्प्रिंग करते. जॉर्ज हॅन्सबर्गने १९१९मध्ये अमेरिकेत या काठीचं पेटंट घेतलं आणि पुढे न्यूयॉर्कच्या झिगफेल्ड फॉलीज या रंगमंचावरच्या कार्यक्रमात नर्तकी तिच्यावर उड्या मारू लागल्या. करमणुकीचा तो शिक्का माझ्याही मनावर होता. भाचीला ती घ्यायची ठरली, तेव्हा मी विरोधच केला.

तिला अंगणात खेळताना पाहिलं आणि माझं मत हललं. दर उसळीत थोडी ऊर्जा घर्षणात आणि आपटण्यात जाते. ती भरली नाही तर उडी बुटकी होत होत थांबते. भाची खाली येताना गुडघे किंचित वाकवायची आणि स्प्रिंग पुरती दबली की नेमकी त्याच वेळी पाय ताठ करून पायट्यांवर जोर द्यायची. जरा पुढेमागे झालं की ताल गेलाच. हात दांड्यावर, पोट आवळलेलं, नजर समोर. थोड्याच वेळात पोटऱ्या भरून आल्या, धाप लागली.

तोलाचं तर आणखी अवघड. या काठीवर थांबून उभं राहताच येत नाही. ज्या बाजूला कलतो, तिकडेच काठीचं खालचं टोक टेकवावं लागतं. १९८०च्या दशकात कार्नेगी मेलन विद्यापीठात मार्क रेबर्टने एका पायावर उड्या मारणारं यंत्र बनवलं, तेही असंच पाय कुठे टेकवायचा हे ठरवून तोल राखत असे.

पण माझा हट्ट खरा मोडला तो आपल्याच पायांची माहिती वाचून. धावताना टाचेमागची जाड शीर ताणली जाते आणि लगेच आखडून बरीचशी ऊर्जा परत देते. तळपायाची कमानही तेच करते. म्हणजे माझ्या लाडक्या दोरीवरच्या उड्यांतही स्प्रिंग होतीच, कातडीखाली. मग बाहेरच्या स्प्रिंगला नावं कशी ठेवू?

आता कोणी विचारलं तर मी मुलांना ही काठी जरूर द्या म्हणतो. वजनाला साजेशी घ्या, डोक्यावर हेल्मेट हवंच आणि ओल्या फरशीवर अजिबात नको. दंड-खांदे मात्र तिने घडत नाहीत. त्यासाठी भाचीला रोज जोर काढायला लावतो.