सुरतेला पाणी धाडणारा साल्हेर

सुरतेहून आग्नेयेच्या अंगाला निघावे आणि डांगातील सागाचे व बांबूचे रान मागे टाकावे, म्हणजे महाराष्ट्राच्या शिवेवर साल्हेर दृष्टीस पडतो. उंची १५६७ मीटर. महाराष्ट्रात याहून उंच किल्ला नाही. माथ्यावर परशुरामाचे लहानसे मंदिर आहे.

सुरतेशी या डोंगराचे नाते जुने आहे. १६६४ साली शिवाजी महाराजांनी सुरत लुटली. त्या वेळी कापुचिन संघाचे फादर आम्ब्रोज यांच्या निवासाला धक्का लावला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्निये सांगतो. १६७० च्या दुसऱ्या स्वारीनंतर महाराज बागलाणातून परतले आणि १६७१ च्या आरंभी साल्हेर स्वराज्यात आला.

दुसरे नाते पाण्याचे. बागलाणच्या डोंगरांतील पाणी मोसम व आरम या नद्यांतून गिरणेस मिळते, गिरणा तापीस मिळते आणि तापी सुरतेच्या दारावरून सागराकडे जाते.

भोवतालच्या पाड्यांवर कोकणा व भिल्ल बांधव राहतात. नागली, भात, उडीद हे त्यांचे पीक. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचे व्रत धरून पावरीच्या सुरांवर ते रात्री जागवितात. दूर पेरू देशात औसंगाते या हिमशिखराच्या परिसरात क्वेचुआ शेतकरी ख्रिस्तशरीराच्या सणाआधी प्रभूच्या यात्रेला जातात. पूर्वी ते पवित्र मानून हिमनदीचा बर्फ खाली आणीत. हिमनदी आटू लागली, तशी ती प्रथा त्यांनी आवरती घेतली. डोंगर हा ईश्वराचा ठेवा आहे, हे त्या साध्या माणसांना कोणी शिकवावे लागले नाही.

परंतु पावसाळ्यात ढगांत बुडालेल्या या मुलखात वैशाखात हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. दिवाळी सरली की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे कोयता व लेकरे घेऊन बारडोलीकडे ऊसतोडीला उतरतात. शेताच्या कडेला पाले पडतात आणि मुलांची शाळा सुटते.

म्हणजे या डोंगरांकडून सुरतेच्या मुलखाला पाणीही मिळते आणि घामही. साखरेचा गोडवा चाखताना, वाचकहो, त्या पालांतील लेकरांचे स्मरण आपण ठेवतो काय? मिस्साबलिदानात अर्पण होणारी भाकर ही मानवी श्रमाचे फळ आहे, असे आपण मानतो. तर मग ऊसतोडीच्या हंगामात जवळच्या पालावर जाऊन एखाद्या मुलाच्या हाती पाटी द्यावी, आजाऱ्याला दवाखान्यापर्यंत पोचवावे. तापीचे पाणी पिणाऱ्यांवर डोंगराचे एवढे ऋण खासच आहे.