रिकाम्या खुर्च्या

१९४५-४६ च्या हंगामात इंदूरच्या यशवंत क्लब मैदानावर होळकर संघाने म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावा केल्या. सहा जणांची शतके! वडील तेव्हा सरदारपूरहून मुद्दाम गेले होते. तो सामना त्यांना जन्मभर पुरला.

२०२२ साली मध्य प्रदेशाने मुंबईला हरवून प्रथमच रणजी करंडक जिंकला. तो क्षण मी घरी मोबाइलवर पाहिला. आज त्यातले फारसे आठवत नाही.

परवा शाळेत कबड्डीचा अंतिम सामना होता. पालकांच्या खुर्च्या रिकाम्याच. बाद झालेला एक मुलगा बाहेर येताना आधी त्या खुर्च्यांकडे पाहत होता. पालकांना दोष तरी कोणत्या तोंडाने देऊ? घरबसल्या आपल्याला खेळ दिसतो. खेळणाऱ्याला मात्र आपण दिसत नाही.