खजुराच्या डब्यातल्या आठवणी

जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरारमध्ये जागोजागी पाणी तुंबले, तेव्हा पापडीतल्या आमच्या घरातही गुडघाभर पाणी शिरले. खालच्या कपाटातले अल्बम भिजले, पाने एकमेकांना चिकटली. मरहूम दादीचे सगळे फोटो त्यातच होते. आपाने ते आधीच स्कॅन करून लॅपटॉपमध्ये ठेवले होते, एवढाच दिलासा. पुढे तो लॅपटॉपही बंद पडला.

मदरबोर्ड गेला, पण हार्ड डिस्क शाबूत असावी, असे दुरुस्तीवाला म्हणाला. डिस्क बाहेरून जोडायची केस बाजारात मिळते. पण मामूंकडे एक बिघडलेली पोर्टेबल डिस्क पडून होती. आम्ही तीच उघडली. काहींमध्ये यूएसबीची जोडणी डिस्कच्या सर्किटवरच असते, मग तिचा उपयोग होत नाही. इथे मात्र साटा जोडणीची छोटी पट्टी वेगळी निघाली. आमच्या अडीच इंची डिस्कलाही तीच जोडणी होती : डेटाच्या ७ आणि विजेच्या १५ पिना. पट्टी अलगद बसली.

अम्मीने बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढे केला. पण सर्किटला पत्रा टेकला तर शॉर्ट व्हायचे. शेवटी रमजानमधला खजुराचा प्लास्टिकचा डबा घेतला. वायरसाठी खाच कापली, हवेसाठी भोके पाडली, कोपऱ्यांत फोमचे तुकडे बसवले. डिस्कवरचे हवेचे बारीक छिद्र मोकळे ठेवले.

बिस्मिल्लाह म्हणून वायर जोडली, तर नुसती टिक-टिक! आमचे चेहरे उतरले. अब्बांनी लगेच वायर काढली. पाहतो तर एकाच यूएसबी हबवर चार वस्तू लावलेल्या. ही डिस्क ५ व्होल्टवर चालते, पण फिरायला लागताना तिला जास्त वीज लागते. ती पुरत नव्हती. मग वायर थेट कॉम्प्युटरला लावली. डिस्क फिरली, फोल्डर उघडले. दादी अंगणात तांदळाची भाकरी थापत बसलेली! अम्मीने पदर डोळ्यांना लावला. अल्हम्दुलिल्लाह!

त्याच रात्री आम्ही सगळे फोटो उतरवून घेतले आणि एक प्रत पेन ड्राइव्हमध्ये मुंब्र्याला आपाकडे पाठवली. अल्बम एकाच कपाटात होते, स्कॅन एकाच लॅपटॉपमध्ये. तीच चूक तिसऱ्यांदा करायची नव्हती. खजुराचा डबा कितीही मजबूत असला, तरी घरची अमानत एकाच डब्यात ठेवू नये.